तारेला कल्हई

रोज सकाळी दुकानाला निघण्याआधी मिस्त्री स्वयंपाकघरातली झाकणं आवळायचा. साखरेचा डबा, चहाचा डबा, मिठाची बरणी, बिस्किटांचा डबा. एकेकावर तळवा ठेवायचा आणि मनगट पिळायचा. झाकणं आदल्या दिवशी त्यानेच आवळलेली असत, तसूभरही हलत नसत. तरी हात फिरायचाच. सहा वर्षं बायकोच्या मागे फिरून लागलेली सवय होती ती. बायको जाऊन दोन वर्षं झाली, सवय मागे राहिली.

त्या सहा वर्षांत तिने घरातलं एकही झाकण पुरतं लावलं नव्हतं. डोक्यावर टोपी ठेवावी तसं नुसतं टेकवायची. बिस्किटं मऊ पडत, मीठ ओलं होई, साखरेत मुंग्यांची वरात निघे. तो कुरकुरला की म्हणायची, "माझा हात ढिला आहे ना हो. तुम्हीच आवळा." आवाज चढवायची नाही, तोंड फिरवायची नाही. सर्दी झाली आहे, असं सांगावं तशी सांगायची. मग तो आवळायचा. बाकी संसार सरळ होता. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख दोघांनी मिळून केव्हाच घडी करून ठेवून दिलं होतं. जेवण वेळेवर, कपडे स्वच्छ, दुखलंखुपलं विचारणं होतं. फक्त झाकणं.

त्याआधीची गोष्ट वेगळी होती. तेव्हा तिने लावलेलं झाकण शेजारणींना उघडत नसे. मग ती पदर खोचून यायची, एका हिसक्यात उघडायची आणि वर गाऊन दाखवायची:

झाकण मी लावियेलं, डावा हात गं टेकून
सात जणी आल्या गेल्या, गेल्या नुसत्याच बघून

मिस्त्रीचं दुकान गाड्यांत गाणी बसवायचं. म्हणजे स्पीकर, त्यांच्या तारा, आणि डिकीत ठेवायचा ॲम्प्लिफायर. गाण्याच्या अंगात ताकद भरणारा हा पत्र्याचा चपटा पेटारा बॅटरीतून सरळ वीज ओढतो, आणि भरपूर ओढतो. म्हणून त्याची तार बोटाएवढी जाड लागते, आणि ती तार पेटाऱ्याच्या तोंडाशी एका स्क्रूखाली दाबलेली असते. सगळं गाणं त्या एका स्क्रूच्या भरवशावर.

दुकानात दोन स्टुलं होती. एकावर मिस्त्री बसायचा. दुसऱ्यावर आता वायरचे तुकडे असत.

त्या दिवशी दुकान उघडतो न उघडतो तोच भूगोलाच्या मास्तरांचा फोन आला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी गावभर त्यांचं नाव तेच होतं.

"मिस्त्री, गाणं ऐन समेवर आलं की तुमचा पेटारा डोळे मिटतो. अगदी माझ्यासारखा."

"लाल दिवा लागतो का, मास्तर?"

"लागतो. पाच मिनिटं दम खाल्ला की पुन्हा हिरवा. आणि वास येतो हो एक. मासळी करपल्यासारखा. सूनबाई विचारते, बाबा, गाडीत चोरून काय शिजवता?"

मिस्त्रीचा हसरा चेहरा उतरला. "मास्तर, गाणं बंद करा. बॅटरीची तार सोडवायला सांगा कुणाला तरी. कशाला हात लावू नका. मी आलोच."

मास्तरांची गाडी घरामागच्या पडवीत होती. मिस्त्रीने चार वर्षांपूर्वी तिच्यात पेटारा बसवला आणि पुढच्याच महिन्यात डॉक्टरांनी मास्तरांची गाडी चालवणं बंद केलं, डोळ्यांपायी. तेव्हापासून ती तिथेच होती, चार बाजूंनी विटांवर चढवलेली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आलेल्या एका चार्जरच्या वायरीवर जगणारी. संध्याकाळी मास्तर चालकाच्या सीटवर बसायचे, काचा वर करायचे आणि गाणी ऐकायचे. घरात प्रत्येकाला आपापलं काही ऐकायचं असतं; इथे निदान कुणी आवाज कमी करा म्हणत नाही, असं त्यांनी पेटारा बसवताना सांगितलं होतं.

आत्ताही ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. गाणं बंद, गाडी बंद.

"बसा की बाजूला," ते म्हणाले. "कुठे सोडू?"

"आधी पेटारा बघू द्या, मास्तर."

मिस्त्रीने बॅटरीची तार पुन्हा जोडली, मीटर काढलं आणि मास्तरांना जेमतेम मिनिटभर गाणं लावायला सांगितलं. बॅटरीपाशी बारा व्होल्ट होते. पेटाऱ्याच्या तोंडाशी, ढोल वाजला की नऊ. मधल्या वाटेत तीन व्होल्ट कुठेतरी गळत होते, आणि वीज जिथे गळते तिथे तापते. फ्यूज धडधाकट होता. फ्यूजला यातलं काही कळत नाही. किती गेलं एवढंच तो पाहतो. कुठे अडलं, ते नाही.

त्याने तार पुन्हा सोडवली आणि डिकीतला गालिचा उचलला. पेटाऱ्याच्या तोंडाशी तारेखालचं काळं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. तारेचं लाल आवरण बोटभर लांबीपर्यंत कडक झालं होतं, नखाने टोकरलं तर कपच्या उडत होत्या. त्याने स्क्रूला बोट लावलं. नुसतं बोट. स्क्रू गरकन फिरला.

"खड्डे," मिस्त्री म्हणाला. हे उत्तर त्याच्या जिभेवर तयारच असे. "रस्तेच असे झालेत, मास्तर. धक्के बसून बसून स्क्रू सुटतो. किती का आवळा."

पुढच्या सीटवर मास्तर हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले.

"मिस्त्री, ही गाडी चार वर्षांत फक्त पृथ्वीबरोबर फिरली आहे हो. आणि पृथ्वीच्या वाटेत खड्डे असतात असं मी तीस वर्षांत एकाही वर्गाला शिकवलं नाही."

मिस्त्रीही हसला. हसता हसता त्याने तार ओढून बाहेर काढली, आणि तिचं टोक बघून त्याचं हसू तिथेच थांबलं.

टोक चांदीसारखं पांढरं होतं. ती त्याची खूण होती. जाड तारेत तांब्याचे शेकडो बारीक केस असतात. स्क्रूखाली घालताना ते पसरतात, एखादा बाहेर राहतो. मिस्त्री म्हणून टोकाला गरम सोल्डर, म्हणजे वितळवलेलं कथील-शिसं, पाजायचा, सगळे केस एका कांडीत बांधायचा, गुळगुळीत, चकचकीत. गिऱ्हाइकाला दाखवून म्हणायचा, "भांड्याला कल्हई करतात, आम्ही तारेला करतो." गावात दुसरा कुणी एवढं करत नसे.

ती कांडी आता चपटी झाली होती. ओल्या मातीवर अंगठा दाबावा तशी तिच्यावर स्क्रूची खळगी पडली होती. स्क्रू जागचा हलला नव्हता. त्याच्याखालची जमीनच खचली होती. चार वर्षं रोज संध्याकाळी गाण्याबरोबर ती तापली, निवली, आणि थोडी थोडी दबत गेली. दबली तशी फट पडली. फट पडली तशी जास्त तापली.

हा स्क्रू दुसऱ्या कुणी आवळला नव्हता. तेव्हा तो दुकानात एकटाच होता. लांब दांड्याच्या पेचकसाने, गुडघा टेकवून, दात-ओठ खाऊन त्याने तो आवळला होता. आवळताना मनात काय म्हणाला होता तेही त्याला आठवलं. ‘आता बघू कसा सुटतो.’

"कुणाची चूक म्हणायची मग?" मास्तरांनी विचारलं. त्यांना नुसतं कुतूहल होतं.

"माझी," मिस्त्री म्हणाला. आणि मग, डिकीत डोकं तसंच ठेवून, पुन्हा म्हणाला, "माझीच."

पेटारा काढून घेऊन तो निघाला तेव्हा मास्तर अजून सीटवरच होते. त्यांनी काच खाली केली. "चार दिवसांत होईल ना? संध्याकाळी फार शांत होतं हो इथे."

"होईल," मिस्त्री म्हणाला.

आठ वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरबाईंच्या गाडीतून असाच धूर निघाला होता. भर रस्त्यात. डिकीतला गालिचा जळून त्याला हातभर भोक पडलं होतं. बाई गाडी ढकलत दुकानाशी आल्या, रागावलेल्या नव्हत्या, पण घाबरलेल्या होत्या. तेव्हा दुकानातलं काम वाटलेलं होतं. तार सोलायची बायकोने, कल्हई करायची त्याने, आणि ती पेटाऱ्यात घालून स्क्रू आवळायचा पुन्हा बायकोने, कारण मनगट तिचं. तार सोलताना ती गुणगुणायची:

तार बाई सोलू किती, आत तांब्याचा उजेड
वर काळी काळी चोळी, आत जिवाचं हे वेड

मिस्त्रीने पेटारा उघडला. स्क्रू ढिला. बाई समोर उभ्या, रस्त्यावरची चार माणसं उभी. त्याने मागे वळून बायकोकडे बोट केलं.

"आमच्या घरच्या हातांचं काम आहे हे. बाईमाणसाचा हात, जोर कमी पडला. माझ्याकडून बारीक लक्ष राहिलं नाही."

ती स्टुलावर बसली होती. दोन्ही हात तारेत, आणि सोल्डरची मऊ तार दातांत धरलेली, नेहमीसारखी. तिने ती दातांतून काढली.

"मी आवळला होता."

"मग काय भुताने सोडवला?"

चार माणसं हसली.

"तुमचं हे सोल्डर दबतं हो," ती म्हणाली. "हे बघा. माझ्या दातांच्या खुणा उठतात याच्यावर. मग लोखंडाचा स्क्रू याला किती दिवस धरून ठेवील? नुसत्या तांब्यालाच आवळू या ना."

"ऐका," मिस्त्री त्या चार माणसांना म्हणाला. "आता ही मला कल्हई शिकवणार."

माणसं पुन्हा हसली. ती उठली, हातातली तार स्टुलावर ठेवली, आपला आखूड, लाल मुठीचा पेचकस पदराला पुसला आणि घरी घेऊन गेली. दुकानात ती पुन्हा आली नाही. त्या संध्याकाळी पहिल्यांदा साखरेच्या डब्याचं झाकण नुसतं टेकवलेलं होतं.

मास्तरांच्या पेटाऱ्याला नवं तोंड बसवायला अर्धा दिवस पुरला असता. पण मिस्त्रीने चार दिवस घेतले. त्याला नीट खात्री करायची होती. किंवा खरं सांगायचं तर, अजून थोडी आशा होती, आपण चुकलो नाही अशी. त्याने फळीवर तार दाबायची दोन सारखी तोंडं ठोकली. एकात कल्हई केलेली तार. दुसऱ्यात नुसतं तांबं, वर तांब्याची पोकळ टोपी पक्कडीने दाबून बसवलेली, म्हणजे केस पसरू नयेत. दोन्ही स्क्रू सारखेच आवळले. त्यासाठी घरच्या खणातून तिचा लाल पेचकस आणला. मग दोन्हींतून वीज सोडली, तापवली, निवू दिली, पुन्हा तापवली.

दुसऱ्या दिवशी पेचकस लावला तर कल्हईवाला स्क्रू पाव फेरा आत गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा थोडा. टोपीवाला जागचा हलला नाही.

चौथ्या दिवशी दोन्ही स्क्रूंना हात लावून झाल्यावर तो बराच वेळ नुसता बसून राहिला. दुकानापुढून माणसं जात होती. एकदोघांनी हात वर केला, त्यानेही केला. सांगावं असं तोंडाशी आलं होतं, पण कुणाला सांगणार? ‘अहो, ऐकलंत का, स्क्रू बायकोने आवळला होता, बरोबर आवळला होता,’ असं रस्त्यावरच्या माणसाला कसं सांगणार? ज्याला सांगायचं ते माणूस एका आठवड्याच्या तापात निघून गेलं होतं. शेवटच्या दिवशी तिने पाणी मागितलं, त्याने स्वतःच आवळलेलं बाटलीचं झाकण उघडून दिलं, आणि ती जराशी हसली होती. कशाला हसली ते त्याला तेव्हा कळलं नव्हतं.

पेचकस ठेवायला म्हणून त्याने दुकानातला जुना खण ओढला. तळाशी सोल्डरचं एक अर्धं रीळ होतं, धूळ बसलेलं. टोक हातात आलं. त्या टोकावर, टाचणीच्या डोक्याएवढ्या, सहा खुणा होत्या. वर तीन, खाली तीन.

त्याने त्या अंगठ्याने चाचपून पाहिल्या. मग दुकान ओढून घेतलं, रीळ खिशात टाकलं आणि चालू लागला. तिला सांगता येत नव्हतं. पण ज्या माणसासमोर तिला बोल लावला, ते माणूस अजून गावात होतं. निदान तिथला बोल पुसता येणार होता.

दातांच्या दवाखान्यात तो आयुष्यात कधी गेला नव्हता. बाकावर एक आजी गालावर रुमाल धरून बसली होती. भिंतीवर कापलेल्या दाताचं मोठं चित्र होतं, त्याची मुळं तारांसारखी खाली गेलेली. मिस्त्रीने नजर दुसरीकडे वळवली. नंबर आला तेव्हा तो आत गेला.

डॉक्टरबाईंचे केस आता पांढरे झाले होते. तोंडावर मास्क होता. "बसा," त्यांनी खुर्चीकडे हात केला.

"मी दातासाठी नाही आलो, बाई."

"इथे सगळे असंच म्हणतात. बसा आधी."

तो बसला, आणि खुर्ची त्याला न विचारता मागे कलंडली. डोळ्यांवर दिवा आला.

"आ करा."

"बाई, मला तुमच्याशी... आ..."

"बोलू नका. आरसा आहे तोंडात."

"आआ... आई... ई ओई..."

"काय?" बाईंनी आरसा बाहेर काढला.

"बायकोविषयी बोलायचंय!" मिस्त्री जवळजवळ ओरडला. बाहेर आजीचं कण्हणं थांबलं. तो उठून बसायला धडपडला, खुर्चीने बसू दिलं नाही, म्हणून आडव्यानेच बोलू लागला. "आठ वर्षांपूर्वी तुमच्या गाडीची डिकी जळाली. तुमच्यासमोर मी बायकोला बोललो. हात ढिला म्हणालो. तसं नव्हतं. तिने बरोबर आवळला होता. सोल्डर दबतं. मी पाजलेलं सोल्डर. माझी चूक होती, आणि तुम्ही तिथे होतात, तुम्हाला माहीत असावं एवढ्यासाठी आलो. झालं. आता मला उठवा."

बाईंनी मास्क खाली ओढला. आता त्यांनी त्याला ओळखलं होतं.

"मला माहीत आहे, मिस्त्री."

"काय माहीत आहे?"

"वहिनी आल्या होत्या. त्याच महिन्यात. मीच त्यांना म्हणाले होते ना, ते शिसं दातांत धरू नका, एकदा दाखवून जा. आल्या, दात दाखवले, आणि उठता उठता म्हणाल्या, गाडीतली ती तार दुसरीकडे कुठे तरी नेऊन कापून घ्या. नुसत्या तांब्याला टोपी घालून बसवायला सांगा. पांढरं काही लावू देऊ नका. मी तसं करून घेतलं. अजून तीच गाडी आहे माझी, तोच पेटारा."

मिस्त्री छताकडे बघत राहिला. "मग मला का नाही सांगितलंत?"

"मी म्हटलं त्यांना, मी बोलते मिस्त्रींशी. नको म्हणाल्या. म्हणाल्या, सांगून पटणार असतं तर माझंच पटलं असतं." बाई जराशा हसल्या. "आणि म्हणाल्या, ज्या दिवशी त्यांचं त्यांना कळेल, त्या दिवशी ते तुमच्याकडे आल्याशिवाय राहणार नाहीत. माणूस हट्टी आहे, खोटा नाही. आले की तेवढी उजवीकडची खालची दाढ बघून घ्या. कधीपासून एकाच बाजूने जेवताहेत. डॉक्टर म्हटलं की पाय लटपटतात त्यांचे, एरवी यायचे नाहीत."

बाईंनी आरसा पुन्हा उचलला.

"उजवी खालची," बाई म्हणाल्या. "बरोबर?"

मिस्त्रीने मान हलवली.

"आठ वर्षं डावीकडून जेवताय तुम्ही?"

"नऊ."

"धन्य आहे. त्यांना सांगितलंत का मग, कळलं म्हणून? काय म्हणाल्या?"

"नाही सांगता आलं. दोन वर्षं झाली तिला जाऊन."

बाईंनी हातमोजे काढले, दुसरे घातले, उगाचच ट्रेमधली हत्यारं सरळ केली. मग मास्क वर ओढला.

"आ करा," त्या म्हणाल्या, यावेळी हळू.

दिव्याखाली त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं.

"दुखतंय?"

त्याने मान हलवली. हो.

"अजून मी हात लावला नाहीये," बाई म्हणाल्या, पण कापसाचा बोळा घेऊन त्यांनी आधी त्याची कानशिलं पुसली, आणि मग सुई भरायला वळल्या.

गालात कापूस घेऊन तो तसाच पेटारा उचलून मास्तरांकडे गेला. जुनं टोक कापून टाकलं, तांब्याला टोपी घातली, तिच्या पेचकसाने आवळलं. गाणं लागलं. ढोल आला, सम आली, दिवा हिरवाच राहिला. मास्तरांनी बाजूच्या सीटवर थाप मारली. या खेपेला मिस्त्री बसला. तोंड सुजलेलं, बोलता येत नव्हतं, आणि मास्तरांनाही काही विचारायचं नव्हतं. विटांवरच्या त्या गाडीत दोघं एक अख्खं गाणं पुढच्या भिंतीकडे बघत बसले.

घरी आल्यावर त्याने हातपाय धुतले, चहा केला, थंड होऊ दिला. बिस्किटांचा डबा उघडला, पण चावता येण्यासारखं नव्हतं. झाकण लावून त्यावर तळवा ठेवला, मनगट पिळायला निघालं, आणि त्याने हात काढून घेतला. झाकण नुसतं टेकलेलं राहिलं. मिठाचंही त्याने सैल केलं. चहाचंही. साखरेचं मात्र त्याने गच्च आवळलं. मुंग्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता.

पुढचे तीन दिवस तो फोन करत होता. कुणाच्या गाडीत काय बसवलं याची एक जुनी वही होती. पानामागून पान, सगळ्या तारा कल्हईच्या. आतल्या आत प्रत्येक टोक दबत चाललं असेल, कुठे थोडं, कुठे जास्त.

"गाडी घेऊन या," तो सुजल्या तोंडाने सांगायचा. "तारेचं टोक बदलायचंय. हो, माझ्याकडूनच चुकलं होतं."

"आमचं तर झकास वाजतंय, मिस्त्री," एक जण म्हणाला. "उगाच कशाला?"

"आज वाजतंय. उद्या धूर निघेल."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"घरातून सांगत होते," मिस्त्री म्हणाला. "मी ऐकलं नाही."

दुसऱ्या बाजूला माणूस हसला. "अहो, घरातलं कोण ऐकतं! बरं, वहिनींना म्हणावं, रविवारी येतो."

मिस्त्रीने वहीत रविवार लिहिला. "या," म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी हवा दमट होती. दाढेच्या जागी अजून खड्डा होता, आणि डावी बाजूही सहानुभूतीने ठणकत होती. त्याने चहा गाळला आणि बिस्किटांच्या डब्यावरचं झाकण एका बोटाने उचललं. बिस्किटं पार मऊ पडली होती. हातात घेतलं तर एक मधूनच वाकलं. ही असली बिस्किटं सहा वर्षं त्याने नाक मुरडून खाल्ली होती. आता त्याने एक जिभेवर ठेवलं. चावावं लागलं नाही. तोंडातल्या तोंडात विरघळलं, उजवीकडेही, डावीकडेही.

त्याने आणखी एक घेतलं. मग झाकण टेकवलं, लाल पेचकस खिशात घातला आणि दुकानाला निघाला. पहिली गाडी नऊला यायची होती, आणि तिच्या स्टुलावरचे वायरचे तुकडे आधी उचलायचे होते.